पाय लांबवण्याची शस्त्रक्रिया : किती सेंटिमीटर सुरक्षित, आणि शरीराच्या प्रमाणाचे काय?

उत्तरायण (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वय २६ वर्षे आणि उंची १६४ सेंटिमीटर आहे. पाय लांबवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार गेली तीन वर्षे माझ्या मनात घोळतो आहे. ती करावी की करू नये, हे मी आज विचारत नाही. त्यावर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला आहे. माझा प्रश्न नेमका आहे. मांडीच्या हाडात आठ आणि नडगीच्या हाडात सहा, असे दोन टप्प्यांत मिळून चौदा सेंटिमीटर वाढवता येतात, असे माझ्या वाचनात आले. काही जण मात्र पाच-सहाच्या पुढे जाऊच नये, असे बजावून सांगतात. ही मर्यादा कशावरून ठरते? हाडावरून, स्नायूंवरून की दिसण्यावरून? आणि धड व हात आहेत तेवढेच राहून पायच तेवढे लांब झाले, तर शरीर बेढब दिसते का? ज्यांनी हे सोसले आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अस्थिवेध

मी अस्थिरोग विभागात काम करतो. या शस्त्रक्रियांमध्ये मदतनीस म्हणून उभा राहिलो आहे आणि नंतरच्या तपासण्यांनाही हजर असतो. पहिली गोष्ट अशी की हाड बिचारे वाढत राहते. अडतात ते स्नायू, कंडरा आणि नसा.

हाड कापल्यावर पाच ते सात दिवस काहीच करत नाहीत. त्या काळात कापलेल्या जागी भरून येण्याची प्रक्रिया सुरू होते. मग दोन्ही टोके दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने दूर नेली जातात आणि मधल्या फटीत कोवळे हाड तयार होत जाते. ही पद्धत सोव्हिएत डॉक्टर गावरिल इलिझारोव यांनी सायबेरियातील कुर्गान येथे १९५०च्या दशकापासून विकसित केली. त्यांच्यासमोर होते ते चुरा झालेली, न जुळलेली किंवा आखूड राहिलेली हाडे असलेले रुग्ण. उंच उडीतील विश्वविक्रमवीर वालेरी ब्रुमेल यांच्या मोटारसायकल अपघातात मोडलेल्या पायावरही त्यांनीच उपचार केले होते. निरोगी पाय उंचीसाठी कापण्याचा प्रकार या पद्धतीला नंतर जोडला गेला, हे लक्षात ठेवावे. कारण मोडलेला पाय असलेल्या माणसासाठी जो धोका पत्करण्याजोगा असतो, तोच धडधाकट माणसासाठी फार मोठा ठरतो.

मर्यादेचा ठोकताळा सेंटिमीटरपेक्षा टक्क्यांत पाहावा. मूळ हाडाच्या लांबीच्या १५ टक्क्यांपर्यंतची वाढ तुलनेने आटोक्यात राहते, आणि २० टक्क्यांच्या पुढे गुंतागुंती झपाट्याने वाढतात. मांडीचे हाड उंचीच्या साधारण २६-२७ टक्के असते आणि नडगीचे हाड त्याच्या सुमारे ८० टक्के. म्हणजे तुमच्या उंचीला मांडीचे हाड अंदाजे ४४ सेंटिमीटर आणि नडगीचे ३५ सेंटिमीटर भरेल. त्याचे १५ टक्के अनुक्रमे साडेसहा आणि पाच-सव्वापाच होतात. तुम्ही वाचलेले आठ आणि सहा हे आकडे १७-१८ टक्क्यांवर जातात. ते अशक्य नाहीत, पण ते काठावरचे आहेत.

अबोली

दिवसाला एक मिलिमीटर, हा वेग सर्वांना सारखाच असतो का? आणि हाडाची टोके दूर नेण्यासाठी हाताने पाना फिरवताना मनगटातला जोर कमी-जास्त झाला, तर तो कसा सांभाळतात?

अस्थिवेध

@अबोली, चांगला प्रश्न आहे. एक मिलिमीटर ही सुरुवात आहे, नियम नव्हे. इलिझारोव यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दिवसाला अर्धा, एक आणि दोन मिलिमीटर अशा तीन गती तपासल्या. अर्ध्या मिलिमीटरने फट वेळेआधीच भरून हाड जुळू लागे, दोन मिलिमीटरने नवे हाड नीट बनत नसे आणि भोवतालच्या ऊतींना इजा होई. एक मिलिमीटर मधले निघाले. तेही एकदम न देता पाव-पाव मिलिमीटर असे चार वेळा द्यावे लागते. नडगीच्या हाडात नवे हाड मंद गतीने बनते, म्हणून तिथे अनेकदा पाऊण मिलिमीटरवरच राहतात. मनगटाच्या जोराचा प्रश्न येत नाही, कारण कातडीतून हाडात गेलेल्या तारांनी पायाभोवती बसवलेल्या बाहेरच्या चौकटीवर प्रत्येक वळणाचे टप्पे ठरलेले असतात, आणि हाडाच्या पोकळीत बसवलेल्या आतल्या चुंबकीय खिळ्यात हे काम बाहेरून धरलेले यंत्र करते.

चालतोय_अजून

मी यातून गेलो आहे. दोन्ही नडग्या, बाहेरची चौकट, ठरवले होते सहा सेंटिमीटर, मिळाले चार पूर्णांक सहा. ते का, हे लिहितो, कारण धागाकर्त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

पहिले तीन आठवडे मला हे सगळे सोपे वाटत होते. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री बारा अशा चार वेळा पान्याने फिरवायचे आणि वहीत खूण करायची. दुखे, पण सोसवत होते. साधारण अडीच सेंटिमीटरच्या पुढे पोटरी लाकडासारखी कडक होऊ लागली. उभे राहिलो की टाच जमिनीवर टेकेना. मी टाचेखाली टॉवेलची एक घडी सरकवत असे. पुढच्या आठवड्यात दोन घड्या लागल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात तीन. माझ्या दृष्टीने ती टॉवेलची जाडी हेच खरे मोजमाप होते. उंची वाढत होती आणि तेवढ्याच मापाने पाऊल खाली झुकत होते.

चार सेंटिमीटरच्या सुमारास एके रात्री लक्षात आले की उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मधली चिमूटभर जागा बधिर झाली आहे. तिथे बोट फिरवले तर दुसऱ्या कोणाच्या कातडीवर फिरवल्यासारखे वाटे. मी दोन दिवस ते कोणाला सांगितले नाही, कारण सांगितले तर थांबवतील, हे मला ठाऊक होते. तिसऱ्या दिवशी अंगठा वर उचलताना जोर कमी पडू लागला, तेव्हा घाबरून फोन केला. डॉक्टरांनी त्याच दिवशी गती निम्म्यावर आणली आणि दहा-बारा दिवसांनी कायमची थांबवली. जोर परत यायला सहा महिने लागले. त्या जागेची संवेदना अजूनही पूर्ण आलेली नाही.

ते दोन दिवस लपवले, याचा मला आजही पश्चात्ताप होतो. ज्या आकड्यावर मन बसलेले असते, तो आकडा माणसाला स्वतःच्या पायाशी खोटे बोलायला लावतो.

श्रावणधारा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. @चालतोय_अजून यांनी जी बधिर जागा सांगितली, ती आम्ही प्रत्येक भेटीत मुद्दाम तपासतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने वळसा घालून खाली येणाऱ्या नसेची एक खोलवरची शाखा नेमकी त्याच चिमूटभर कातडीला संवेदना देते आणि अंगठा उचलणाऱ्या स्नायूलाही तीच चालवते. म्हणून आधी बधिरपणा आणि मग अशक्तपणा, हा क्रम दिसला की थांबायलाच हवे.

मांडी आणि नडगी यांच्या अडचणी वेगळ्या असतात. मांडीचे हाड लांबवले की पुढचे आणि मागचे मांडीचे स्नायू आणि खुब्यापासून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूपर्यंत जाणारा जाड पट्टा ताणला जातो. गुडघा पूर्ण वाकत नाही, काहींचा पूर्ण ताठही होत नाही, आणि कंबर पुढे झुकल्यासारखी होते. नडगी लांबवली की पोटरीचे स्नायू आणि टाचेची कंडरा अडते. माझा अनुभव असा की वाकवण्यातली घट बहुधा पुढे भरून निघते, पण ताठ न होणारा गुडघा आणि न टेकणारी टाच यांच्याकडे काही आठवडे जरी दुर्लक्ष झाले, तरी त्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. त्यामुळे किती सेंटिमीटर झाले, यापेक्षा आज टाच टेकते का आणि गुडघा सरळ होतो का, हे दोन प्रश्न रोज विचारायला हवेत.

आणखी एक. शस्त्रक्रियेच्या आधीच पोटरी व मांडीमागचे स्नायू घट्ट असतील, तर त्या माणसाची मर्यादा पुस्तकातल्या आकड्याच्या बरीच आत असते. दोन माणसांची उंची सारखी, हाडे सारखी, तरी एकाला सहा झेपतात आणि दुसऱ्याला चारही झेपत नाहीत, याचे कारण बरेचदा एवढेच असते.

मोजपट्टी

वरचे सर्व मान्य करूनही मला एक शंका आहे. मर्यादा प्रत्येक हाडामागे टक्क्यांत असेल, तर मांडीत १५ टक्के आणि नडगीत १५ टक्के मिळून साडेअकरा सेंटिमीटर दोन टप्प्यांत सुरक्षितच म्हणायला हवेत. मग पाच-सहाच्या पुढे जाऊच नये, हा सल्ला मला अतिसावध वाटतो.

अस्थिवेध

@मोजपट्टी, गणित बरोबर आहे, पण पायाची मुख्य नस मांडीसाठी एक आणि नडगीसाठी एक अशी वेगळी नसते. ती खुब्याच्या मागून निघून गुडघ्याच्या वर दोन शाखांमध्ये विभागते आणि पावलापर्यंत सलग जाते. पहिल्या टप्प्यात ताणली गेलेली नस दुसऱ्या टप्प्यात पुन्हा ताणली जाते. म्हणूनच दोन टप्प्यांत पुरेसे अंतर ठेवतात, आणि पहिल्या टप्प्यानंतर चाल पूर्ववत झाल्याशिवाय दुसऱ्याचा विचारही करत नाहीत.

शिवाय प्रत्येक टप्प्याची स्वतःची जोखीम पुन्हा नव्याने येते. मांडीच्या हाडाच्या पोकळीत खिळा बसवण्यासाठी ती पोकळी कोरताना चरबीचे कण रक्तात मिसळून फुप्फुसापर्यंत जाऊ शकतात. दोन्ही मांड्या एकाच दिवशी केल्या तर हा धोका वाढतो. पायातील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतोच. आतला खिळा मांडीच्या हाडाच्या स्वतःच्या तिरक्या अक्षावरून वाढतो, आणि पायावर भार येतो तो खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या सरळ रेषेवर. त्यामुळे प्रत्येक सेंटिमीटर वाढीमागे भाराची ही रेषा गुडघ्यात साधारण एक मिलिमीटर बाहेरच्या बाजूला सरकते. सहा सेंटिमीटरला सहा मिलिमीटर. आधीच गुडघे एकमेकांकडे झुकलेले असतील, तर हे मिलिमीटर पुढे गुडघ्याच्या झिजेत मोजावे लागू शकतात. अशा वेळी उभे राहून काढलेला पूर्ण पायाचा एक्स-रे पाहिल्याशिवाय कोणीही आकडा सांगू नये.

रेषाकार

मी अनेक वर्षे मानवी आकृतीचे रेखाटन शिकवतो, म्हणून प्रमाणाविषयी लिहितो. उभ्या प्रौढ माणसाच्या उंचीचा मध्य साधारण जांघेच्या हाडापाशी येतो. लिओनार्दो दा विंची यांच्या १४९०च्या सुमारास काढलेल्या वर्तुळ आणि चौकोनातील प्रसिद्ध आकृतीत पसरलेल्या हातांची लांबी उंचीएवढी दाखवली आहे. ही माणसांची सरासरी आहे, सौंदर्याचा कायदा नव्हे. प्रत्यक्षात सुदृढ माणसांत कितीतरी फरक आढळतो. डोळा हा फरक सहज पचवतो. चार-पाच सेंटिमीटरने लांब झालेले पाय कपड्यांत कोणाच्या ध्यानातही येणार नाहीत.

डोळा अडखळतो तो दुसऱ्याच जागी. मांडी आणि नडगी यांचे एकमेकांशी असलेले नाते आपण नकळत पाहत असतो, विशेषतः माणूस बसतो, जिना चढतो किंवा सायकल चालवतो तेव्हा. वर दिलेल्या मापांवरून पाहा : ३५ला ४४ हे नाते ८० टक्क्यांचे आहे. केवळ मांडीत आठ वाढवले, तर ३५ला ५२ म्हणजे सुमारे ६७ टक्के होतात. खुर्चीवर बसल्यावर गुडघे पुढे आलेले दिसतील, आणि उभे असताना गुडघा जमिनीपासून होता तितक्याच उंचीवर राहील. केवळ नडगीत सहा वाढवले, तर ४१ला ४४ म्हणजे ९३ टक्के. गुडघा वर सरकेल आणि नेहमीची खुर्ची बुटकी वाटेल. मांडीत सहापर्यंत ठेवले तर ७० टक्के होतात. तोही फरक आहेच, पण चालताना तो शोधावा लागतो.

मोजपट्टी

हे प्रमाणाचे बोलणे मला दुय्यम वाटते. सुरक्षितता सांभाळली की कसे दिसते, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

श्रावणधारा

नम्रपणे असहमत आहे. प्रमाण म्हणजे फक्त दिसणे नव्हे. उकिडवे बसताना तोल कुठे पडतो, हे मांडी, नडगी आणि धड यांच्या लांबीवर अवलंबून असते. मांडी फार लांब झाली की खाली बसताना धड जास्त पुढे झुकवावे लागते, नाहीतर माणूस मागे पडतो. त्यात टाच पूर्ण टेकत नसेल, तर उकिडवे बसणे जवळजवळ संपते. धावताना पावलाची लांबी बदलते आणि नवी लय बसवायला काही महिने जातात. ज्या प्रमाणात शरीर बेढब होते, त्याच प्रमाणात ते बेभरवशाचेही होते, असे मी पाहिले आहे.

सायली

माझा पाय लहानपणीच्या अपघातात वाढीच्या पेशींच्या थराला इजा झाल्यामुळे साडेचार सेंटिमीटर आखूड राहिला होता, आणि एकोणिसाव्या वर्षी तो लांबवून घेतला. पद्धत तीच, वेदना तीच. तरी माझ्यात आणि धागाकर्त्यात एक मोठा फरक आहे, आणि तो कोणी सांगितला नाही म्हणून लिहिते.

मला कुठे थांबायचे, हे माझा दुसरा पाय सांगत होता. ज्या दिवशी दोन्ही घोटे एका रेषेत आले, त्या दिवशी काम झाले. पुढे एक मिलिमीटरही नको होता. केवळ उंचीसाठी करणाऱ्याला असा दुसरा पाय नसतो. मी ज्या फिजिओ केंद्रात जात होते, तिथे उंचीसाठी आलेला एक मुलगा होता. त्याला पाच हवे होते. पाच झाल्यावर त्याने सात मागितले आणि डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर तो फार खचला. पाच सेंटिमीटर उंच होऊनही तो रोज आरशासमोर तितकाच दुःखी असे. म्हणून उत्तरायण यांना मनापासून सांगते : आकडा शस्त्रक्रियेआधी लिहून ठेवा, आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट ही औपचारिकता समजू नका. आपल्या शरीरात खोट आहे, असे मनाला सतत वाटत राहण्याचा जो आजार असतो, तो हाड लांबवून बरा होत नाही.

अबोली

@सायली, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. आभार.

आईची_नजर

माझ्या मुलाने गेल्या वर्षी हाच विषय काढला होता. तो ऐकेना, म्हणून मी त्याच्यासोबत डॉक्टरांकडे गेले. मला एकच विचारायचे होते : हे पूर्ण किती दिवसांचे आहे? जाहिरातीत तर तीन महिने लिहिले होते.

चालतोय_अजून

@आईची_नजर, तीन महिने हा फक्त लांबवण्याचा काळ असतो. पाऊण मिलिमीटरने पाच सेंटिमीटरला सदुसष्ट दिवस लागतात. त्यानंतर ते कोवळे हाड पक्के व्हावे लागते, आणि बाहेरच्या चौकटीत त्याला प्रत्येक सेंटिमीटरमागे साधारण एक ते दीड महिना धरतात. माझी चौकट सातव्या महिन्यात निघाली. चौकट निघाल्यावरही हाड मोडण्याची भीती असते, म्हणून आणखी दोन महिने कुबड्या घेऊनच चाललो. न लंगडता चालायला दीड वर्ष लागले.

अस्थिवेध

यात थोडी भर घालतो. आतल्या चुंबकीय खिळ्याने कातडीतून जाणाऱ्या तारांचा आणि त्यांच्या भोवतीच्या संसर्गाचा त्रास वाचतो, पण हाड पक्के होण्याचा काळ फारसा टळत नाही, आणि तोवर पायावर पूर्ण भार देता येत नाही. पूर्ण भार पेलणारा पोलादी खिळा काही वर्षांपूर्वी आला होता; त्याच्या सांध्यापाशी गंज आणि हाडाची झीज आढळल्याने २०२१मध्ये तो बाजारातून मागे घेतला गेला. खिळा वर्ष-दीड वर्षाने काढावा लागतो, ती वेगळी शस्त्रक्रिया असते. धूम्रपान करणाऱ्यांचे नवे हाड उशिरा बनते, आणि अनेक डॉक्टर त्यांना थेट नकार देतात. केवळ उंचीसाठी पाय लांबवण्यावर चीनने २००६मध्ये बंदी घातली, कारण अपुऱ्या प्रशिक्षणाच्या ठिकाणी पाय बिघडलेले रुग्ण मोठ्या रुग्णालयांत येऊ लागले होते.

उत्तरायण (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस मी फक्त वाचत होतो. @रेषाकार यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी स्वतःची मापे नीट घेतली. भिंतीला पाठ टेकून, सपाट स्टुलावर बसून, आसनापासून डोक्यापर्यंतची उंची साडेसत्त्याऐंशी सेंटिमीटर भरली. म्हणजे एकूण उंचीच्या ५३ टक्क्यांहून थोडी जास्त.

चौदा सेंटिमीटरचा विचार मी सोडला आहे. @सायली, तुम्ही म्हणालात तसा आकडा कागदावर लिहायला बसलो, तेव्हा तो का, याचे कारण मला लिहिता आले नाही. सहाच का, पाच का नाही, याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यामुळे आधी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. तरीही मूळ प्रश्न अर्धा उरतो : माझ्या या मापांना प्रमाण बिघडू न देता किती बसेल?

रेषाकार

बसल्यावरची उंची प्रौढांमध्ये एकूण उंचीच्या साधारण ५२ टक्के असते. तुमचे धड सरासरीपेक्षा किंचित लांब आहे. पाच सेंटिमीटर वाढले तर साडेसत्त्याऐंशीला १६९, म्हणजे ५१.८ टक्के. आठ वाढले तर ५०.९. चौदा वाढले असते तर ४९.२ झाले असते आणि हात पायांच्या मानाने आखूड दिसले असते. मापे सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी अशी दोनदा घ्या, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून उंची सेंटिमीटरभर सहज कमी होते.

अस्थिवेध

पाचच्या आसपास राहिलात, तर मांडीत ते ११-१२ टक्के होतात आणि नडगीत १४. यातले काय निवडायचे, हे पूर्ण पायाच्या एक्स-रेमध्ये भाराची रेषा कुठून जाते, त्यावर ठरेल. नडगी निवडली तर शेजारचे बारीक हाडही कापून दोन्ही टोकांना स्क्रूने बांधणार का, हे आधी विचारा. ते वरच्या टोकाला सुटे राहिले तर खाली ओढले जाऊन गुडघ्याला त्रास देते, आणि खालच्या टोकाला सुटे राहिले तर घोट्याचा सांधा बिघडवते.

श्रावणधारा

आणि आजच एक करून पाहा. भिंतीसमोर उभे राहा, पावलाचे टोक भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला नाही, तर ते कसे झाले ते इथे कळवा.

उत्तरायण (धागाकर्ता)

आत्ताच करून पाहिले. डाव्या पायाचा लागतो. उजव्या पायाची टाच उचलली जाते.

श्रावणधारा

मग पोटरीचे व्यायाम आजपासून सुरू करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. तोवर नडगीसाठी कोणतीही तारीख घेऊ नका.